पांढऱ्याने रंग उजळतो आणि बदलतोही: अ‍ॅक्रेलिकमध्ये टिंट आणि शेड मिसळताना

अ‍ॅक्रेलिक नव्याने शिकणाऱ्यांची चित्रं पाहताना एक गोष्ट वारंवार दिसते. रेखाटन नीट असतं, रचनाही बरी असते, पण उजेडाचा भाग पिठूळ झालेला असतो आणि सावलीच्या भागाने काजळी धरलेली असते. खरं तर चूक म्हणावी असं काही केलेलं नसतं. उजळ हवं तिथे पांढरा घातला, गडद हवं तिथे काळा. नियम म्हणून ते बरोबरच आहे. अडचण अशी की पांढरा किंवा काळा पडला की रंग नुसता उजळ किंवा गडद होऊन थांबत नाही. त्याचा कल सरकतो, तेज उतरतं, कधी कधी तर तो भलताच रंग होऊन बसतो. हे सरकणं ओळखायचं कसं आणि सावरायचं कसं, एवढंच आपल्याला शिकायचं आहे. ते वाचून थोडं कळतं, कागदावर पट्ट्या रंगवून पुष्कळ कळतं.

आधी शब्द पक्के करू. रंगात पांढरा मिसळला की टिंट, काळा मिसळला की शेड आणि राखाडी मिसळला की टोन. बोलताना आपण सरसकट सगळ्यालाच शेड म्हणतो, पण पॅलेटवर हात चालत असताना या तिघी मनात वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. अल्बर्ट मनसेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ साली रंगाची तीन मापं वेगवेगळी करून मांडली: रंग कोणता (ह्यू), तो किती उजळ किंवा गडद (व्हॅल्यू) आणि किती तेज (क्रोमा). आपल्याला हलवायची असते फक्त व्हॅल्यू. पांढरा आणि काळा मात्र तिन्ही मापं एकदम हलवतात. चित्र पिठूळ होण्याचं आणि काजळण्याचं मूळ तिथे आहे.

कोणता पांढरा, कोणता काळा

पांढऱ्या ट्यूब दोन प्रकारच्या मिळतात. टायटेनियम व्हाइट अपारदर्शक आणि जोरकस असतो; थोडासा पडला तरी रंग पटकन उजळतो. झिंक व्हाइट अर्धपारदर्शक आणि सौम्य असतो, त्यामुळे त्याच्याबरोबर पायऱ्या सावकाश चढता येतात. ‘मिक्सिंग व्हाइट’ असं लिहिलेली ट्यूबही साधारण याच सौम्य वर्गातली. एकच घ्यायचा असेल तर टायटेनियम घ्या, कारण झाकायला, उजळायला आणि शेवटचा प्रकाशबिंदू ठेवायला तोच कामी येतो.

काळ्यात कार्बन ब्लॅक फार जबरदस्त, एक ठिपका चुकला तर ढीग वाया. मार्स ब्लॅक लोहाच्या ऑक्साइडपासून बनतो, तो अपारदर्शक असतो आणि पांढऱ्यात मिसळल्यावर तपकिरीकडे झुकलेला उबदार राखाडी देतो. आयव्हरी ब्लॅक या दोघांपेक्षा मवाळ आणि थोडा पारदर्शक, म्हणून शिकताना मला तो सगळ्यात सोयीचा वाटतो. याशिवाय एक काळा आपण स्वतः मिसळणार आहोत, त्याचं पुढे सांगते.

ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे रंगद्रव्याचा क्रमांक असतो: टायटेनियम व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीन हा खोल निळा म्हणजे पीबी २९. एकच क्रमांक असेल तर त्या ट्यूबमध्ये एकच रंगद्रव्य आहे, आणि अशा रंगांची मिश्रणं स्वच्छ येतात. तीन क्रमांक असतील तर तुम्ही मिसळायला सुरुवात करण्याआधीच आत तीन रंग मिसळलेले आहेत. विद्यार्थी दर्जाच्या रंगांत रंगद्रव्य कमी आणि भरण जास्त असतं, म्हणून तिथे तोच रंग जास्त घ्यावा लागतो. सरावाला ते चालतात, फक्त एका दर्जावर बसलेलं प्रमाण दुसऱ्या दर्जावर जसंच्या तसं लागू होत नाही.

पॅलेट नाईफ हवाच. ब्रशने मिसळलं की अर्धा रंग केसांच्या मुळाशी जाऊन बसतो, तिथेच वाळतो, आणि पुढच्या मिश्रणात आधीचा रंग डोकावत राहतो. बाकी पांढरं पॅलेट, जाड कागद, पाण्याची दोन भांडी आणि एक जुना हेअर ड्रायर. ड्रायरचं काम काय ते पुढे येईल.

पहिली पट्टी: टिंट

सुरुवात अल्ट्रामरीनने करा. कागदावर साधारण ३ सेंटीमीटरचे ९ चौकोन एका ओळीत आखा. डावीकडच्या पहिल्यात ट्यूबमधला शुद्ध रंग, उजवीकडच्या नवव्यात शुद्ध पांढरा. आता दुसऱ्या चौकोनाकडे वळू नका. एका टोकाकडून क्रमाने गेलं की पायऱ्या हमखास असमान पडतात, पहिल्या तीन सारख्याच दिसतात आणि चौथीला एकदम उडी बसते. त्याऐवजी आधी पाचवा चौकोन भरा: दोन्ही टोकांच्या बरोबर मध्ये वाटेल असा निळा. मग तिसरा आणि सातवा, आणि शेवटी दुसरा, चौथा, सहावा, आठवा. प्रत्येक वेळी दोन शेजाऱ्यांच्या मधली पायरी शोधायची असते, आणि डोळ्याला ते काम चांगलं जमतं.

पाचव्यासाठी निळा आणि पांढरा निम्मा-निम्मा घ्याल तर मिश्रण अपेक्षेपेक्षा गडद किंवा उजळ निघेल, कारण प्रत्येक रंगाची ताकद वेगळी असते. प्रमाणावर भिस्त ठेवू नका, डोळे किलकिले करून बघा. डोळे मिटत आणले की रंगाचे तपशील मावळतात आणि उजळ-गडद तेवढं उरतं.

मिसळताना पांढऱ्याचा ढीग आधी मांडा आणि त्यात रंग घाला. उलट करू नका. यामागे साधा हिशेब आहे. एक चमचा गडद रंगाची ताकद निम्मी करायची तर एक चमचा पांढरा घालावा लागतो, ढीग दोन चमच्यांचा होतो. आणखी निम्मी करायची तर चार, मग आठ, सोळा, बत्तीस. पाच वेळा निम्मं केलं की एक चमच्याचे ३२ चमचे झाले, आणि हवा होता तुम्हाला जेमतेम एक.

थॅलो ब्लू हा फार जोरकस निळा हातात घ्याल तेव्हा हे फार जाणवेल. नाईफच्या अगदी टोकावर मोहरीएवढा थॅलो घ्या आणि पांढऱ्याच्या सुपारीएवढ्या गोळ्याच्या एका कडेला टेकवा. सगळा गोळा लगेच ढवळू नका. फक्त ती कड नाईफने दाबून सपाट करा, खरवडून गोळा करा, उलटी करून पुन्हा दाबा. आधी संगमरवरासारख्या निळ्या शिरा दिसतील. चार-पाच वेळा दाबल्यावर शिरा विरतात आणि कड एकसारखी निळी होते. मग शेजारचा थोडा पांढरा ओढून घ्या. एवढ्या थेंबातून निघालेला निळा पाहून पहिल्यांदा तरी माणूस थबकतोच. शिरा पूर्ण विरल्याशिवाय मिश्रण ब्रशवर घेऊ नका. एखादी न विरलेली शीर कागदावर गडद फराट्यासारखी उमटते.

याच पट्टीत आणखी एक गंमत दिसेल. थॅलो किंवा अल्ट्रामरीनसारखे खोल, पारदर्शक रंग ट्यूबमधून काढल्यावर जवळजवळ काळपट दिसतात. त्यांत पहिल्यांदा थोडा पांढरा पडला की रंग मंदावण्याऐवजी खुलतो, निळा जास्त निळा होतो. तेज उतरायला लागतं ते पुढच्या पायऱ्यांवर. म्हणजे ‘पांढऱ्याने रंग फिका पडतो’ हे अर्धंच खरं आहे. प्रत्येक पट्टीत एक चौकोन असा असतो जिथे तो रंग सर्वांत जास्त बोलतो. तो शोधा आणि पेन्सिलने खूण करून ठेवा.

वाळल्यावर बघा, मग ठरवा

ओल्या अ‍ॅक्रेलिकवर विश्वास ठेवू नये. या रंगातला बांधणारा पदार्थ म्हणजे पाण्यात तरंगणारे अ‍ॅक्रेलिक पॉलिमरचे सूक्ष्म कण. ओले असताना ते दुधासारखे पांढुरके दिसतात, आणि तो पांढुरकेपणा रंगावर चढलेला असतो. पाणी उडून गेलं की कण एकमेकांत मिसळून पारदर्शक पापुद्रा तयार होतो, दूध नाहीसं होतं आणि रंग गडद दिसतो. गडद रंगांत हा फरक जास्त जाणवतो.

माझ्या एका मोठ्या चित्रात राखाडी-निळी भिंत होती. संध्याकाळी तिचा एक कोपरा रंगवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवं मिश्रण केलं, वाळलेल्या भिंतीशेजारी धरून अगदी हुबेहूब जुळवलं आणि कोपरा भरला. ओला असताना सांधा दिसतही नव्हता. तासाभराने बघते तर ठिगळ लावल्यासारखा गडद चौकोन उठून आलेला. त्यावर थोडा उजळ हात फिरवला, तो जास्तच उजळ झाला. शेवटी सगळी भिंत नव्याने रंगवली. तेव्हापासून दोन सवयी लागल्या. वाळलेल्या रंगाशी जुळवायचं तर ओलं मिश्रण त्यापेक्षा किंचित उजळ ठेवायचं. आणि आधी कागदाच्या तुकड्यावर एक फराटा ओढून ड्रायरने वाळवायचा, तो तुकडा चित्रावर टेकवून पाहायचा, मगच ब्रश चित्राला लावायचा. ड्रायर त्यासाठीच. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी पट्टी: शेड

इथे दिशा उलटी. रंगाचा ढीग आधी, आणि काळा त्यात सुईच्या टोकाने घातल्यासारखा. पुन्हा ९ चौकोन, पुन्हा आधी मधला. ही पट्टी तीन रंगांची करा: लाल, निळा, पिवळा. निळा फारसा त्रास देत नाही, काळ्याबरोबर तो शांतपणे खोल होत जातो. लाल लवकरच तपकिरी-तांबूस होतो. आणि पिवळा हिरवा होतो. पहिल्याच ठिपक्याला तो ऑलिव्ह व्हायला लागतो, चौथ्या चौकोनापर्यंत कुणी त्याला पिवळा म्हणणार नाही.

कारण दोन. बऱ्याच काळ्या रंगांचा कल निळसर असतो, आणि निळा व पिवळा एकत्र आले की काय होतं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. शिवाय गडद पिवळा आपल्या डोळ्याला मुळातच ऑलिव्हसारखा भासतो. म्हणून पिवळ्याची सावली काळ्याने रंगवू नये. पिवळं फूल किंवा पिवळं कापड रंगवताना माझी वाट ठरलेली आहे: पिवळ्यातून यलो ऑकर (मातकट पिवळा), ऑकरमधून रॉ सिएना (पिवळसर तपकिरी), तिथून बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). सगळ्यात खोल जागी अंबरमध्ये जांभळ्याचा एक ठिपका. एकेक पायरी गडद होत जाते, पण पिवळ्याची ऊब सुटत नाही. काळाच वापरायचा असेल तर त्याच्या जोडीला किंचित लाल किंवा नारिंगी द्या, हिरवी झाक मागे हटते.

लालासाठी आधी खोल किरमिजी, मग बर्न्ट अंबर, शेवटी अल्ट्रामरीनचा ठिपका. हिरव्याला गडद करायला थोडा लाल किंवा अंबर पुरतो. या सगळ्यामागचं सूत्र एकच: रंगचक्रावरचा समोरचा रंग थोडा मिसळला की रंग गडदही होतो आणि मंदही, पण मरत नाही.

तरीही काळ्याला पॅलेटवरून हाकलून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. पिवळा आणि काळा यांतून येणारा तो ऑलिव्ह झाडाच्या पानांसाठी इतका नैसर्गिक असतो की ट्यूबमधला कुठलाही तयार हिरवा त्याच्यापुढे प्लास्टिकसारखा वाटतो. काळा कुठे काय करतो हे पट्टीवर एकदा पाहिलेलं असलं की तो हवा तिथे वापरता येतो.

आता घरचा काळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर साधारण सारखे घ्या आणि नीट मिसळा. नुसतं बघून हा काळा कुठे झुकलाय ते कळत नाही. त्यातला चिमूटभर बाजूला काढून पांढऱ्यात मिसळा. राखाडी निळसर आला तर मूळ ढिगात अंबर वाढवा, तपकिरी आला तर अल्ट्रामरीन. या काळ्याची खरी सोय अशी की तो आपल्या मर्जीप्रमाणे उबदार किंवा थंड ठेवता येतो. उन्हातल्या वस्तूची सावली थंडाव्याकडे न्यायची तर निळा पुढे, दिव्याखालच्या खोलीचा अंधार हवा तर अंबर पुढे. आणखी खोल काळा हवा असेल तर थॅलो ग्रीन आणि खोल किरमिजी एकत्र करून बघा.

पांढऱ्याचा थंडपणा

लाल आणि पांढरा मिळून गुलाबी होतो, पण हा गुलाबी किंचित निळसर, थंड असतो. उन्हात तापलेल्या विटांचा उजळ भाग असा रंगवला की वीट मिठाईसारखी दिसते. म्हणून लाल उजळताना पांढऱ्याबरोबर थोडा पिवळा किंवा नारिंगी द्यावा. हिरव्या पानावरचं ऊनही पांढरा आणि पिवळा मिळून उजळावं, एकट्या पांढऱ्याने ते पुदिन्याच्या गोळीसारखं होतं. पांढऱ्यात मिसळलेल्या अल्ट्रामरीनचा कल जांभळ्याकडे जातो. दुपारचं स्वच्छ आकाश हवं असेल तर त्यात थॅलोचा अगदी बारीक ठिपका घाला.

दर वेळी पांढराच हवा असंही नाही. पिवळा हा स्वभावानेच उजळ रंग, तो कित्येक रंगांना पांढऱ्याशिवाय उजळवू शकतो. पारदर्शक ग्लेझिंग मीडियममध्ये (रंगद्रव्य नसलेला बांधणारा पदार्थच तो) रंग पातळ करून पांढऱ्या पृष्ठभागावर लावला तरी उजळ छटा येते, आणि तिचं तेज पांढरा मिसळलेल्या छटेपेक्षा टिकून राहतं. हे काम नुसतं पाणी ओतून करू नका. पाणी फार झालं की बांधणाऱ्या पॉलिमरचा पापुद्रा कमजोर पडतो.

प्रत्येक रंगाची जागा

तीन-चार रंगांच्या पट्ट्या झाल्या की त्या एकाखाली एक मांडा आणि फोनने कृष्णधवल फोटो काढा. ट्यूबमधला पिवळा उजळ-गडदाच्या शिडीच्या जवळपास वरच्या, उजळ पायरीवर बसलेला दिसेल, अल्ट्रामरीन आणि जांभळा तळाशी, लाल मध्ये कुठेतरी. म्हणजे पिवळ्याला टिंटच्या पायऱ्या फार थोड्या आणि शेडच्या भरपूर. जांभळ्याचं बरोबर उलट. लिंबू रंगवताना उजेडात पांढरा ओतत राहण्यात अर्थ नसतो, वर चढायला जागाच नसते. लिंबाचा गोलपणा सावलीच्या बाजूने काढावा लागतो. ही एक गोष्ट समजली आणि माझी कितीतरी चित्रं सावरली.

टोनबद्दल थोडक्यात. रंगाइतक्याच उजळ-गडद असलेला राखाडी तयार करून तो रंगात मिसळला, तर व्हॅल्यू हलत नाही, फक्त तेज उतरतं. लांबचे डोंगर, पाठीमागची भिंत, गर्दीतल्या मागच्या आकृती यांना हेच हवं असतं.

एका रंगाचा चेंडू

पट्ट्यांमधून चित्राकडे जायचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे एकच रंग घेऊन एका बाजूने उजेड पडलेला चेंडू रंगवणं. ब्रश उचलायच्या आधी पाच ढीग तयार करा: प्रकाशबिंदूचा अतिउजळ, उजेडाचा, मधला, सावलीचा आणि जमिनीवर पडलेल्या सावलीचा. एकेका ढिगात लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट रंग ठेवा, कारण तोच रंग पुन्हा तंतोतंत जुळवणं किती अवघड ते भिंतीच्या गोष्टीत आलंच आहे. मधल्या ढिगाने सुरुवात करा, मग सावली, मग उजेड. अ‍ॅक्रेलिक भराभर वाळतो, त्यामुळे कॅनव्हासवर दोन छटा घासून एकजीव करायला वेळ मिळत नाही. घासत बसलात तर अर्धवट वाळलेला पापुद्रा उचलला जातो. त्यापेक्षा दोन ढिगांच्या मधली सहावी छटा पॅलेटवरच करा आणि सांध्यावर तिचे आखूड फटकारे द्या. चेंडूची सावलीकडची कड अगदी काळी करू नका. जमिनीवरून परतलेला उजेड तिथे पोचतो, ती कड सावलीच्या गाभ्यापेक्षा किंचित उजळ राहते. तेवढ्याने चेंडू गोल वाटू लागतो.

ढीग वाळू नयेत म्हणून ओलं पॅलेट करा: चपट्या डब्यात भिजवलेला पातळ स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, कागदावर रंग. झाकण लावलं की मिश्रणं दुसऱ्या दिवशीही वापरता येतात. प्रत्येक पट्टीच्या मागे रंगांची नावं, क्रमांक आणि अंदाजे प्रमाण लिहा.

एवढं करूनही एखाद्या चित्रात उजेड पिठूळ होतोच. तेव्हा त्यावर आणखी रंगाचे थर देऊ नका. भाग पूर्ण वाळू द्या. मग ग्लॉस मीडियममध्ये पारदर्शक रंगाचा ठिपका मिसळा. विटांवर बर्न्ट सिएना, पानांवर पारदर्शक पिवळा. मऊ ब्रशने एकच पातळ हात द्या आणि पुन्हा त्यावर ब्रश नेऊ नका. ओला असताना हा थर दुधी दिसतो, थोडी धाकधूक होते. तो पारदर्शक होईपर्यंत थांबा. खालचा पांढरा तिथेच असतो, पण आता उजेड त्या रंगातून गाळून परत येतो आणि विटेची ऊब पुन्हा दिसू लागते.